मासा कुठे ठेवायचा

मिरान दोन्ही हातांत बशी धरून मेजापुढे उभी राहिली आणि बशी कुठे टेकवावी हेच तिला कळेना. बशीत तीन मासे होते. अंगावर खवले, मागे शेपटी, डोळ्याच्या जागी ठिपका, सगळं जिथल्या तिथे. फक्त ते पिठाचे होते आणि पोटात गोड पुरण होतं.

"मासा उजव्या हाताला," दोकसूकाका म्हणाले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि हातात चार घड्या पडलेला कागद. पितरांचं पान कसं मांडायचं त्याचा नकाशा त्यांनी घरून आखून आणला होता. "मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला. डोकं पूर्वेला, शेपूट पश्चिमेला."

"अहो, पण हा मासा आहे का?" काकूंनी नासपतीची साल काढता काढता विचारलं. "हा पाव आहे. गोडाची जागा खाली, फळांच्या ओळीत."

"मग त्याला डोकं कसं?"

"डोकं तुम्हालाही आहे. म्हणून काय तुम्हाला तळलेल्या माशांशेजारी बसवू?"

काकांनी कागद उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं. मेजाच्या मधोमध, दोन मेणबत्त्यांच्या मागे, अप्पांचा फोटो होता. फोटोत ते कोट घालून, केस चापून बसवून, कुणीतरी हसू नका म्हटल्यासारखे बसले होते.

अप्पांना जाऊन आज वर्ष झालं. मुलगा नाही, त्यामुळे विधी करायला धाकटे भाऊ म्हणून काका जोनजूहून आले होते. एकुलती मुलगी मिरान सकाळच्या बसने राजधानीतून, सोलहून आली होती. पूर्वी हे सगळं मध्यरात्री व्हायचं, पण आता तितकं जागतो कोण? सहाला सुरुवात करायची आणि नऊच्या बसने परत जायचं, असं काकांनी फोनवरच ठरवून टाकलं होतं. नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करण्यात उभा जन्म गेलेला माणूस, त्यांचं सगळं असं रकान्यात बसलेलं असायचं. पीच नको, लाल तिखट नको, लसूण नको, अशी नको-नकोची यादी त्यांनी काकूंकडून दोनदा वाचून घेतली होती. मासापावाचं नाव मात्र त्यांच्या कुठल्याच यादीत नव्हतं.

आणि अप्पांनी तर तीस हिवाळे दुसरं काहीही केलं नव्हतं. बाजाराच्या चौकात निळ्या ताडपत्रीखाली उभं राहून ते बुंगओप्पांग, म्हणजे हेच मासापाव, विकायचे. गुनसानात मासापाववाला मानसू म्हटलं की लहान पोरसुद्धा बोट दाखवायचं.

"मुळात ही चीज आपली नाहीच," काका म्हणाले. नकाशा हरला की ते इतिहासात शिरायचे. "जपान्यांची आहे. आमचे वडील बंदराजवळच्या जपानी मिठाईवाल्याकडे झाडू मारायचे. पंचेचाळीस साली जपान हरला आणि तो गाशा गुंडाळून बोटीत बसला, तेव्हा साचा मागे राहिला. वडिलांनी तो गोणपाटात गुंडाळून घरी आणला. आता जपान्याचा मासा दादाच्या पानात वाढायचा?"

"त्याच माशावर तुम्ही कॉलेज शिकलात."

"ते वेगळं."

"आणि मैदा अमेरिकेचा. सासूबाई सांगायच्या, लढाई संपल्यावर गोण्या यायच्या म्हणे. रिकाम्या गोण्यांच्या तुम्हा भावांना चड्ड्या शिवल्या होत्या."

"पोरीसमोर काय हे!"

पोरगी त्रेचाळीस वर्षांची होती. तिला हसू आलं, पण हातातली बशी अजून हवेतच होती. तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "आई, तू सांग. कुठे ठेवू?"

सुनबोकबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. गॅसवर तो साचा होता, काळा, जड, हातभर लांब दांड्याचा. "ठेव कुठेही," त्या वळून न बघता म्हणाल्या. "पण ठेव."

सकाळपासून मिरानला आईचंच कोडं पडलं होतं. अप्पा होते तोवर आईने या साच्याला कधी बोट लावलं नव्हतं. लावू दिलंच नव्हतं म्हणा. आई पहाटे लाल चवळी शिजवायची, वाटायची, साखर घालून घोटायची. डबा चौकात पोचला की तिचं काम संपलं. पुरण तिचं, हात अप्पांचे. त्या आईने आज माळ्यावरून साचा काढला होता, गंज घासला होता, तेल लावलं होतं, आणि एका बाजूने जळलेल्या माशांचा ढीग ताटात टाकला होता. बशीतले हे तीन त्यातल्या त्यात बरे.

जळणारच. त्या कामात सगळी करामत मनगटाची. पीठ ओतायचं, पुरणाची गोळी ठेवायची, वर पुन्हा पीठ, आणि साचा मिटून खाडकन उलटायचा. आईचं उजवं मनगट उलटतच नाही. मिरान नऊ वर्षांची असताना आई बर्फावरून घसरली होती, तेव्हापासून. आज ती दोन्ही हातांनी दांडा धरून, खांदा वाकवून, सबंध अंगाने साचा उलटत होती. मिरान दोनदा मदतीला गेली, दोन्ही वेळा आईने तिला कोपराने बाजूला सारलं.

एवढ्यात काकू उठल्या, ताटातला एक जळका मासा त्यांनी उचलला आणि मधोमध मोडला. चहाला काहीतरी हवं होतं त्यांना. मोडला आणि तशाच थांबल्या.

"जाऊबाई," त्या म्हणाल्या, "हे लाल चवळीचं पुरण आहे."

"मग कशाचं असणार?"

"अहो, लाल चवळी! भावोजींना बोलावताय की हाकलताय?"

काकांनी कागद खाली ठेवला. लाल चवळीचा दाणा दिसला की भूत, प्रेत, पितर, कुणीही असो, उंबऱ्याबाहेरच थबकतं, हे या घरात काय, या देशात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून तर पितरांच्या पानातल्या तांदळाच्या वड्यांना सोललेली पांढरी डाळ लावतात. वर्षभर काकांनी याद्या केल्या, आणि ही सगळ्यात मोठी चूक माशाच्या पोटात बसून मेजापर्यंत आली होती.

"वहिनी, तुम्हाला माहीत नव्हतं?"

आईने गॅस बारीक केला. "तीस वर्षं त्यांनी हेच केलं. दुसरं काय ठेवू त्यांच्यापुढे?"

काकूंचे डोळे भरून आले. "खरंच हो," त्या म्हणाल्या, "बिचारीचं प्रेम बघा." काकांनी चष्मा काढून पुसला. मिरानलाही भरून यायला हवं होतं, पण तिची नजर आईच्या मानेवर खिळली होती. ती मान ताठ होती. आई शोक करते तेव्हा कशी दिसते हे मिरानला ठाऊक होतं. आजीच्या वेळी तिने पाहिलं होतं. ही ती मान नव्हती. वर्षभर आई रडली नव्हती, आणि मिरान वर्षभर लोकांना सांगत आली होती की तिला धक्का बसलाय.

शेवटी तोडगा काकूंनीच काढला. "हल्ली क्रीमचे मिळतात की. पिवळ्या क्रीमचे, चवळीबिवळी काही नाही. मिरान, जा, चौकातून तीन घेऊन ये. मासाही होईल आणि पितरही आत येतील."

आईने मिरानच्या हातातून बशी काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली. ठेवताना बशी जोरात आपटली, आणि मिरान उगाच एक पाऊल मागे सरली.

बाहेर अंधार पडत होता. पायरीवर तिचा पाय सरकला. सकाळी आल्या आल्याही इथेच सरकला होता. पायरीभर लालसर पाणी गोठून काचेसारखं झालं होतं.

"आई, काय सांडलंय हे? पडशील कधीतरी," असं तिने सकाळी विचारलं होतं.

"चवळीचं पहिलं पाणी. कडू असतं, टाकावंच लागतं."

"मग मोरीत टाकायचं ना."

यावर आई पुरण घोटत राहिली होती.

चौकात अप्पांच्या जागी आता जिन्हीची आई उभी असायची. पूर्वी ती शेजारीच मोजे विकायची. मिरानला पाहून तिने हातातली सळी ठेवली आणि अॅप्रनला हात पुसत पुढे आली.

"आज वर्षाचं ना गं? माझ्या लक्षात आहे. देवमाणूस! पोरांच्या पिशवीत एक मासा जास्तीचा, न चुकता. माझ्या जिन्हीला तर परीक्षेच्या दिवसांत एकदाही पैसे मागितले नाहीत. असा माणूस पुन्हा होणे नाही. तुझी आई कशी आहे? एकटी पडली असेल."

"बरी आहे. काकू, क्रीमचे तीन द्या."

"क्रीमचे? कुणासाठी?"

"पानावर ठेवायला."

जिन्हीची आई हातात ब्रश घेऊन तशीच थांबली. "अगं, मानसूदादांना क्रीमचा मासा? मी पहिल्यांदा क्रीम आणलं तेव्हा काय बोलले होते माहितेय? म्हणाले, याच्यापेक्षा साबण भरून विक. परत दिसलं तर हातगाडी उलटवेन म्हणाले." ती हसायला लागली. "गंमत करायचे गं. त्यांनी कधी कुणाची गाडी उलटवली? मुंगीला धक्का लावला नाही त्या माणसाने."

मिरानही हसली. हसावं लागतंच. लालने ते आत येणार नाहीत आणि पिवळं दिसलं तर पान उधळतील. आता हे काकांच्या कुठल्या रकान्यात बसवायचं? कागदी पिशवी तिने घेतली आणि मासे निवू नयेत म्हणून कोटाच्या आत छातीशी धरली. चार पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं की पिशवी अशी धरायला तिला कुणी शिकवलं होतं.

अप्पा अशीच आणायचे. उरलेले मासे कोटाच्या आत, छातीशी, म्हणजे मिरानच्या हातात पडेपर्यंत कोमट राहायचे. "माझ्या मासोळीला मासे," म्हणायचे. ती पांघरुणात शिरून खायची. मग पलीकडच्या खोलीत आधी आवाज चढायचा, मग जेवणाचं मेज उलटायचं, वाट्या गडगडत भिंतीपर्यंत जायच्या. ती खात राहायची. डोक्यापासून शेपटीपर्यंत, एक संपला की दुसरा. उठून दार उघडावं असं तिला एकदाही वाटलं नाही. वाटलं नाही कसं, वाटायचं. पण मासे गरम होते आणि ते तिच्यासाठी आणले होते. आज त्रेचाळिसाव्या वर्षी भर रस्त्यात तिला त्याची लाज वाटली, आणि त्याच क्षणी छातीशी धरलेली ऊब सोडवेना.

आई घसरली त्या आठवड्यात बर्फ पडलंच नव्हतं. हे तिला कधीपासून माहीत होतं? बहुतेक तेव्हापासूनच.

आणखी एक गोष्ट आठवली. हिवाळ्यातली सगळ्यात मोठी रात्र आली की घरोघर लाल चवळीची पेज शिजते, आणि इडापिडा टळावी म्हणून तिचे चार थेंब दारावर शिंपडतात. आई चार थेंबांवर थांबायची नाही. ती चौकट सारवायची. उंबरा, कडी, कडीखालची फळी, आणि शेवटी मिरानच्या खोलीचं सरकतं दार. मिरानला वाटायचं, आपली आई भुतांना जरा जास्तच घाबरते. त्या संध्याकाळी अप्पा यायचेच. बूट काढता काढता बोटाने चौकटीवरची पेज पुसून चाटायचे आणि म्हणायचे, "झकास झालीये गं यंदा."

घराशी येऊन ती पायरीसमोर उभी राहिली. लाल बर्फ काळसर दिसत होतं. सकाळी आईने ते पाणी मोरीत टाकलं नव्हतं, पायरीवर ओतलं होतं.

आत काका अस्वस्थ झाले होते. त्यांनी क्रीमचे मासे घेतले, गोडाच्या ओळीत ठेवले आणि डोकी मात्र पूर्वेकडे वळवली. "दोघांचंही राहिलं," ते काकूंना म्हणाले. त्यांनी मेणबत्त्या लावल्या. भात वाफाळत होता, सूप वाफाळत होतं. आई दाराशी उभी होती, अंगावर स्वच्छ पांढरा स्वेटर, हात पोटाशी धरलेले. तिची नजर एकदा त्या पिवळ्या पोटांच्या माशांवर गेली आणि मग जमिनीवर. मिरानने तिला असं फक्त एकाच वेळी बघताना पाहिलं होतं. बाहेर बूट वाजले की ती अशीच बघायची.

"मिरान, पुढचं दार उघड," काका म्हणाले. "सताड नको, हातभर. दादाला आत यायला वाट हवी."

मिरान स्वयंपाकघरातून गेली. ओट्यावर ती बशी तशीच होती. तिने तीन मासे उचलले. आपण करतोय ते बरोबर की चूक हे तिला अजिबात कळत नव्हतं. दुनियेचा देवमाणूस तो आपलाही बाप होता, आणि आपण त्याच्यासाठी रडलो होतो, खरंखुरं. तिने कडी काढली, दार हातभर उघडलं. गार वारा पायांवर आला. खाली बसून तिने तिन्ही मासे उंबऱ्यावर ओळीने मांडले, डोकी बाहेर.

"उघडलंस?" आतून काकांनी विचारलं.

"उघडलं."

विधी काकांनी नीट केला. उदबत्ती लावली, मद्य ओतलं, दोनदा कपाळ जमिनीला टेकवलं. भातात चमचा उभा खोवला. मग पितराला निवांत जेवता यावं म्हणून खोलीचं दार ओढून घेऊन चौघं स्वयंपाकघरात येऊन बसली. नऊ घास व्हायला लागतो तेवढा वेळ कुणी आवाज करायचा नसतो. काका डोळे मिटून मोजत होते. काकूंचे ओठ हलत होते.

आई नेहमीसारखी काठावर बसली होती, पाठ ताठ, एक गुडघा उभा, कान दाराकडे. मिरानला आठवत होतं तेव्हापासून ती अशीच बसायची, केव्हाही उठता यावं अशी. मग तिची नजर ओट्याकडे गेली. बशी रिकामी होती. तिने मिरानकडे पाहिलं. मिरानने पुढच्या दाराकडे पाहिलं.

आईने उभा गुडघा खाली घेतला, मागे सरकली, आणि पाठ भिंतीला टेकवली.

काका तीनदा खाकरले आणि खोलीचं दार उघडून आत गेले. "आला होता दादा," ते आतून म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "भात खचलाय बघा. मेणबत्तीपण एका अंगाने वितळलीये."

"वाऱ्याने," काकू हळूच म्हणाल्या, पण त्यांनीही डोळे पुसले.

मग काका-काकू पानातलं वाढून घेऊन जेवायला बसले. काकांनी एक क्रीमचा मासा खाल्ला आणि वाईट नाही असा निकाल दिला. मिरानने एका जळक्या माशाचा तुकडा तोडला. पुरण तेच होतं, तीस वर्षांचं. तिला अप्पांना घट्ट मिठी मारावीशी वाटली आणि दार लावून घ्यावंसंही वाटलं, दोन्ही एकदम.

आई उठली. तिने एका वाटीत भात घेतला, वर सुपाचे दोन डाव घातले, सुपातला मांसाचा बरा तुकडा शोधून ठेवला. ताटातले जळके मासे तिने वरखाली करून पाहिले, एक निवडून मोडला, आतलं लाल पुरण बोटाने सगळं काढून टाकलं, आणि नुसतं पिठाचं कवच वाटीच्या कडेला ठेवलं.

"पलीकडे ठेवून ये," ती मिरानला म्हणाली. "उंबऱ्याच्या पलीकडे. पायरीवर नको, पायरीच्याही खाली."

"आई, हे..."

"गारठा आहे बाहेर. निवायच्या आत ठेव."

मिरान वाटी घेऊन गेली. उंबऱ्यावरचे तीन मासे थंडीने कडक झाले होते. ती त्यांना ओलांडून गेली, लाल बर्फ ओलांडून गेली, आणि फाटकाजवळच्या कोरड्या दगडावर वाटी ठेवली. वाफ निघत होती. ती वळली तर मागे आई उभी होती, अनवाणी, हातात चमचा घेऊन.

आईने वाकून चमचा भातात उभा खोवला. क्षणभर ती फाटकाबाहेरच्या काळोखाकडे बघत राहिली. मग मिरानचा दंड धरून, जपून, तिने लाल बर्फ आणि उंबरा ओलांडला.

"आता कडी घाल," ती म्हणाली.